कोरा नमुना

"एवढं गुंडाळूनबिंडाळून आत जायचं, आणि ज्याला घाम यायचा त्याला येतोच. मग बसायचं आम्ही परत परत तेच करत."

प्रांजल हे कुणाला उद्देशून म्हणाली नव्हती. फार तर भिंतीला म्हणाली असेल. पण कपडे बदलायच्या त्या खोलीत भिंत आणि माणूस यांच्यात अंतर असं उरतच नव्हतं. मधे टांगलेल्या पांढऱ्या सूटांची रांग, आणि तिच्या पलीकडे, एक पाय सूटमध्ये घातलेला आणि दुसरा अजून बाकावर टेकवलेला, अशी रंजिता घरत उभी होती. टोपडं कानांवर चढवलेलं असतं तर काही ऐकूच आलं नसतं. पोरगी जरा उशिरा बोलली असती तर सगळ्यांचंच भलं झालं असतं, असं रंजिताच्या मनात आलं. राग त्यानंतर आला, तोही बेताचाच. प्रांजल तिच्या हाताखालची, कामाला चोख, डब्यातली भाजी मोजूनमापून नाही तर अर्धी काढून देणारी. ती खोटं बोलली नव्हती, हीच तर पंचाईत. रंजिताने दुसरा पाय तसाच वर धरून ठेवला, खाडीतल्या बगळ्यासारखा, आणि प्रांजलची पावलं आतल्या दाराकडे जाईपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतला. चोरी करणारा लपतो हे समजू शकतं. जिच्याबद्दल बोललं गेलं, तिनं का लपावं?

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी हायड्रोजन पेरॉक्साइड शुद्ध करायची. जखम धुवायला वापरतात तेच ते, पण इथून ते जायचं चिप बनवणाऱ्या कारखान्यांत, सिलिकॉनच्या आरशासारख्या चकत्या धुवायला. धुणाऱ्या पाण्यातच मळ असला तर चकती बाद. आणि मळ म्हणजे डोळ्यांना दिसणारा नव्हे, मनातसुद्धा धड न येणारा. घरी एकदा जेवताना तिनं सासूला समजावून सांगितलं होतं, "आई, आपला पनवेलचा वडाळे तलाव हाय ना, त्यात चिमूटभर मीठ टाकलं न् ढवळलं, तरी आमची मशीन सांगल, मीठ पडलंय म्हनून." हौसाबाई घास हातात धरून थांबल्या होत्या. "आनी टाकलं कोनी, ते सांगल?" "ते नाय सांगत." "मंग काय उपेग तिचा," असं म्हणून त्या हसल्या, आणि घास तोंडात घातला. त्यांच्या माहेरी उरणकडे मिठागरं होती, सासरीही होती. अर्धं आयुष्य त्यांनी मिठाच्या राशी ओढल्या होत्या, आणि सून मात्र आयुष्यभर मिठाच्या कणामागे पोलिसासारखी लागलेली. याचं दोघींनाही कधी कधी हसू यायचं. अजून येतं, पण हल्ली आलेलं हसू दोघी आपापल्या ताटात बघून संपवतात.

मालाची परीक्षा घ्यायची तर आधी परीक्षा घेणाऱ्याची घ्यावी लागते. म्हणजे असं, की बाटलीत माल नाहीच. नुसतं सर्वांत शुद्ध पाणी, सर्वांत शुद्ध आम्ल, आणि ते घेऊन सगळ्या पायऱ्या तशाच करायच्या. ओतायचं, आटवायचं, पुन्हा विरघळवायचं, आणि मशीनच्या पोटातल्या त्या सूर्याहून तापलेल्या ज्योतीत सोडायचं. याला म्हणतात कोरा नमुना. त्यात काही दिसता कामा नये. दिसलंच, तर ते मालातलं नव्हे. हवेतलं, बाटलीतलं, नाहीतर माणसातलं. रंजिताच्या कोऱ्या नमुन्यात दोनदा सोडियम आलं होतं. तीच बाटली, तेच पाणी, तोच ओटा. प्रांजलनं केलं की कोरं, हिनं केलं की सोडियम. आणि हे सगळं नेमकं आत्ता. गुजरातेत एका मोठ्या कारखान्याच्या दारातच कंपनी नवी लॅब काढत होती, आणि ती चालवायला इथल्या लॅबच्या प्रमुख पद्मजा मॅडमनी वर रंजिताचं नाव दिलं होतं. राहायला जागा, हाताखाली सहा जण, दारावर पाटी. अट एकच. गिऱ्हाइकाचा माणूस समोर उभा असताना तिच्या हातचा नमुना कोरा यायला हवा. शुक्रवारी तो येणार होता. आज बुधवार.

आत जायला दोन दारं. पहिलं पूर्ण मिटल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मधल्या कपाटाएवढ्या जागेत उभं राहायचं, हात वर करायचे, आणि चारी बाजूंनी वारा अंगावर घ्यायचा. नवीन लोक इथं घाबरतात. रंजिताला उलट ही जागा आवडायची, म्हणजे आधी आवडायची. बाहेरचं बाहेर राहिलं, आतलं अजून सुरू झालेलं नाही. कुंकू नाही, बांगड्या नाहीत, मंगळसूत्र लॉकरमध्ये रुमालात गुंडाळून ठेवलेलं. रोज सकाळी ते काढताना मानेला जो हलकेपणा यायचा, त्याला काय म्हणावं हे तिनं ठरवलं नव्हतं. ठरवण्यासारखं काही नाही, नियमच तसा आहे, असं म्हणून ती तो हलकेपणा आठ तास वापरायची आणि संध्याकाळी परत मान पुढे करायची. पण गेल्या वर्षापासून या मधल्या जागेत तिला भीती वाटू लागली होती. वारा सुटायच्या आधीच आतून कुठूनतरी, बेंबीच्या मागून, उकळी फुटल्यासारखी ऊब उठायची. छातीवरून मानेकडे, मानेवरून कानांकडे, आणि मग टोपड्याच्या आत, चष्म्याखाली, पाठीच्या पन्हाळीतून घामाची धार. बाहेर यायचं तर वारा थांबेपर्यंत मागचं दार उघडत नाही, आणि पुढचंही अजून उघडलेलं नाही. त्या तेवढ्या क्षणात तिला वाटायचं, आपण कायमच्या या दोन दारांच्या मधे उभ्या आहोत. हात वर करून. कुणीतरी झडती घ्यावी म्हणून.

पद्मजा मॅडमनी पहिल्या वेळेस विचारलं होतं, "तब्येत वगैरे बरी आहे ना तुझी?" दुसऱ्या वेळेस म्हणाल्या, "म्हणजे, बघ हं, कारण मानवी दिसतंय." मानवी! जसं काही तीन जणांच्या त्या खोलीत हत्तीही कामाला होते. मॅडम स्वतः पंचावन्नच्या. त्यांच्या टेबलावर हातात धरायचा छोटा पंखा असायचा, आणि कुणी आत आलं की त्या तो फायलीखाली सरकवायच्या. दोघीही बायका, दोघींनाही ठाऊक. पण त्या एका शब्दाच्या कडेकडेनं दोघी अशा चालल्या, जसं गटाराचं झाकण उघडं असताना लोक न बोलता वळसा घेतात. "दोन दिवस सुट्टी हवी तर घे," मॅडम म्हणाल्या. "नको, बरी आहे मी," रंजिता म्हणाली. बरी असण्याची तिला सवय होती.

मग तिनं आपल्या परीनं उपाय केले. सकाळी एक आंघोळ, निघताना दुसरी. अंगाला साबण नाही, पावडर नाही. आणि जेवणातलं मीठ बंद. शरीरात जाईलच कमी तर बाहेर येईल कुठून, असा भाबडा हिशेब, बी.एस्सी. झालेल्या बाईला शोभणारा नव्हे, पण रात्री झोप लागत नसली की माणूस असल्याच शास्त्रावर विश्वास ठेवतं. अळणी वरण, अळणी भाजी, लोणच्याच्या बरणीकडे पाठ. हौसाबाई दोन दिवस बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मिठाशी भांडान झालं काय तुझं?" "डॉक्टरनी सांगितलंय." "कंच्या डॉक्टरनी?" "हाय एक." खोटं बोलायला या घरात फारसे कष्ट पडत नसत. घरालाच त्याचा सराव होता.

घर तसं मोठं. जमिनी सिडकोत गेल्यावर मोबदला म्हणून साडेबारा टक्क्यांत मिळालेल्या भूखंडावर दाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मरायच्या आधी उभं केलेलं. खाली या दोघी, वर भाडेकरू. हल्ली विमानं इतकी खालून जातात की हौसाबाई प्रत्येकाला मान वर करून बघतात, जसं ओळखीचं कुणी उतरेल. घरात दीपेशचं सगळं जागच्या जागी होतं. दीपेश रंजिताचा नवरा. द्रोणागिरीला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर. पनवेलहून तिथं जायला असं किती लागतं? माणूस रोज जाऊन येऊ शकतो, आणि येतही होता. मग डबल ड्युटी लागायला लागली. मग तिकडंच खोली घेतली, चार जणांत मिळून, असं सांगितलं. मग चार जणांचा उल्लेख गळाला. आता तो गणपतीला येतो, पाच दिवस पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसतो, आरतीत मोठ्यानं म्हणतो, आणि पाचव्या दिवशी विसर्जन झालं की त्याला यार्डातून फोन येतो. त्याचे शर्ट कपाटात इस्त्री करून. त्याचा टूथब्रश गेल्या वर्षी हौसाबाईंनी बदलून नवीन आणला होता. जुनाही नवीनच होता. मुलगी मनस्वी बंगळुरूला नोकरीला. ती आधी फोनवर विचारायची, "बाबा आले होते?" मग नुसतं "बाबा?" आणि आता विचारत नाही. गल्लीच्या तोंडाशी अय्यूबभाईंचं किराण्याचं दुकान. ते मात्र न चुकता विचारतात, "दीपेशभाईंची ड्युटी कशी चाललीय भाभी?" आणि विचारताना नेमकं काहीतरी वजन करत असतात, नजर तराजूवर. सभ्य माणूस. गाव असं सगळं सभ्य होतं. कुणीतरी एखादा उद्धट असता तर सुटका झाली असती.

आणि रंजिताला कळलं कधी? हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. असा एक क्षण नव्हता. त्याच्या शर्टाला वेगळ्या साबणाचा वास येणं, ही काय बातमी आहे? पण तिचं नाक, तिचे डोळे, सगळं शरीरच वीस वर्षांत कणभर वेगळेपण पकडायला शिकलेलं. तिनं पकडलं, आणि नोंद केली नाही. प्रयोगशाळेत असं केलं तर नोकरी जाते. घरात असं केलं तर घर राहतं.

मंगळवारी संध्याकाळी अय्यूबभाई तराजूवर नजर ठेवून म्हणाले होते, "भाभी, लोणची घालताय का यंदा जास्तीची? आजींनी परत खडे मीठ नेलं. म्हटलं पोराला पाठवतो पिशवी घेऊन, तर ऐकलं नाही. जिद्दी आहेत बुजुर्ग." रंजिता हसली होती, हो म्हणाली होती, आणि कैऱ्यांचे दिवस कधीच सरलेत हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं होतं, आणि तिनं नोंद केली नव्हती.

आता बुधवारी, प्रांजलचे ते शब्द कानांत घेऊन, ती ओट्यासमोर बसली. सराव म्हणून आणखी एक कोरा नमुना. हात स्थिर होते. हात तिचे कधीच हलले नव्हते. दाजी गेले त्या दिवशी पेजेची वाटी धरलेली तीही सांडली नव्हती. पडद्यावर आकडे उमटू लागले आणि सोडियम आलं. अपेक्षेप्रमाणे आलं, घरच्या माणसासारखं, दार न वाजवता. आणि तिला एकदम जाणवलं की आपल्याला हायसं वाटतंय. हे फार विचित्र होतं. तिनं ते हायसं वाटणं पुन्हा तपासून पाहिलं, जीभ दुखऱ्या दाताला लावतात तसं. हो, हायसंच. नापास झालं की गुजरात नाही. गुजरात नाही की घरी काही सांगायला नको, कुणाला काही ठरवायला नको. सासूला एकटी टाकून सून गेली असं गाव म्हणणार नाही, आणि तिचा मुलगा आहे की, असं उत्तर कुणाला द्यावं लागणार नाही. कारण ते उत्तर तोंडातून निघालं की पुढचा प्रश्न आलाच. घाम बिचारा सगळं निस्तरत होता. वयानं काढलेली ही पळवाट किती सोयीची! आपण अडकलोय अडकलोय म्हणून जी घुसमट उरावर घेऊन फिरतो, तिची कडी आतून तर नाही ना लावलेली?

या विचारानं ती इतकी चिडली, स्वतःवर, की तिनं पडदा बंद न करता खाली सरकवला. उरलेले आकडे. सोडियम वर असलं की बाकीचे कुणी वाचतच नाही. लग्नात नवरदेव दिसला की वऱ्हाडाकडे कोण बघतो. पण वऱ्हाड होतं. सोडियमच्या मागोमाग मॅग्नेशियम, बऱ्यापैकी. पोटॅशियम मात्र अगदी मागे, नावाला. रंजिता ताठ बसली. घामात मॅग्नेशियम इतकं नसतं. घामात पोटॅशियम हवं. पावडर असती तर मॅग्नेशियमबरोबर सिलिकॉन आलं असतं, ते नव्हतं. तिनं जुने दोन्ही निकाल काढले. तिथंही तेच वऱ्हाड, तसंच, त्याच क्रमानं. हा माणूस नव्हता. हे असं एकत्र राहतं ते फक्त एका ठिकाणी. ते तिला पुस्तकामुळे ठाऊक नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबरोबर उरणच्या मिठागरावर गेली होती तेव्हा बांधावर उभ्या उभ्या वाऱ्यानं ओठ चाटले की जी कडवट खारी चव यायची, ती होती ही. पॉलिथिनच्या पुडीतलं सपक पांढरं मीठ नव्हे. करडं, ओलसर, डब्यात ठेवलं की आपोआप पाणी सुटणारं. समुद्राचं.

आणि तेव्हाच, हातमोज्याच्या आत, मनगटाशी, तिला बाही जाणवली. सूटच्या आत घालायचा पांढरा सुती सदरा. तो घरून धुवून, पिशवीत बंद करून आणायचा असा नियम; घरचं धुणं हौसाबाईंकडे. गेले काही आठवडे तो सदरा तिला सादळलेला वाटायचा. कडक उन्हात वाळलेला, तरी अंगात घालताना दमट, जड, आणि घडीवर किंचित ताठ. तिनं तेही घामाच्याच खात्यावर टाकलं होतं. ती उठली. दोन दारांच्या मधे नेहमीसारखी उकळी आली नाही, की आली आणि तिचं लक्ष नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीत कुणी नव्हतं. तिनं सूट कमरेपर्यंत उतरवला, उजव्या हाताची बाही ओठांशी नेली आणि जीभ लावली. कोट्यवधींची मशीन पलीकडे गुणगुणत होती. जीभ म्हणाली, मीठ. घामाचं आहे की कसलं, असा संशयसुद्धा जिभेला आला नाही.

पद्मजा मॅडम दारात होत्या. किती वेळ होत्या कोण जाणे. सुपरवायझर बाई अर्ध्या कपड्यांत उभी राहून स्वतःची बाही चाटतेय, याला त्यांनी काय अर्थ लावला असेल! "रंजिता," त्या हळू म्हणाल्या, "शुक्रवारचं मी पुढे ढकलू का? सांगते त्यांना काहीतरी." आणि इतक्या प्रेमानं म्हणाल्या की रंजिताला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. "नको, मॅडम. कारण सापडलं," ती म्हणाली. "काय?" खरं तर एका वाक्याचं काम होतं. माझी सासू माझे कपडे मिठाच्या पाण्यातून काढते. पण त्या वाक्याला शेपूट होतं. का काढते? आणि त्या शेपटाला आणखी शेपूट. "उद्या सांगते," ती म्हणाली. पंखा मॅडमच्या हातात होता. आज तो लपवायचं त्या विसरल्या होत्या.

कंपनीच्या बसमधून उतरून ती गल्लीत आली तेव्हा उन्हं कलली होती. अय्यूबभाईंनी वजन करता करता विचारलं, आणि तिनं "चाललीय" म्हटलं, आणि एक विमान दोघांच्या डोक्यावरून गेलं. मंगळसूत्र आज तिनं घाईत घातलं होतं, उलटं पडलं होतं; तिनं सरळ केलं. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी हौसाबाई उकिडव्या बसल्या होत्या, साडी गुडघ्यांच्या वर खोचलेली, आणि पुढ्यात बादली. बादलीत पांढरा सदरा. दुसरा जोड, उद्याचा. बाजूला अॅल्युमिनियमच्या पातेल्यात करड्या मिठाचे खडे. हौसाबाईंनी वर बघितलं. पातेलं त्यांनी झाकलं नाही.

"आज लवकर?"

"आई, काय करता?"

"दिसताय ना. धुताय." त्यांनी सदरा पाण्यातून वर काढला, पिळला, परत बुडवला. "मिठाच्या पान्यातनं काढलं की नजर लागत नाय. तुझ्यावर लय नजरा हाईत. गुजरातची बातमी फुटल्यापासनं शेजारीन दोनदा येऊन गेली, खोटी हसत."

रंजिता पायरीवर बसली. बूट काढायचे राहिले. "कधीपासनं?"

"तू आली ना नाचत, म्हनालीस मॅडमनी माझं नाव दिलं. तवापासनं."

"मी सांगितलं व्हतं तुमाला. तलावाचं. चिमूटभर पडलं तरी कळतं म्हनून."

"सांगितलं व्हतंस."

"मंग?"

हौसाबाईंचे हात थांबले. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यानं त्या हातांच्या रेषा खोल चिरल्यासारख्या झाल्या होत्या. पुढं कधी भविष्य बघायला हात दाखवला तर ज्योतिषी नुसता बघत राहील, असं दाजी म्हणायचे. "पयल्यांदी नजरेसाठीच," त्या म्हणाल्या. "देवाची आन. मंग तू तोंड पाडून आलीस, म्हनालीस नापास झाली, मीठ आलं. तवा कळलं मला." बादलीतलं पाणी हळूहळू स्थिर झालं. "कळलं, आनी मी थांबली नाय."

रंजिताला वाटलं होतं की हे ऐकलं की आपण ओरडू. अळणी वरणाचे ते सगळे घास, प्रांजलचं बोलणं, फायलीखाली सरकणारा पंखा, सगळं एकदम वर येईल. वर आलं ते वेगळंच. बाई आठवडाभर मीठ न खाता जगली आणि सासू मागच्या दारी तिला मिठात मुरवत होती, कैरीसारखी. ती हसली. हसणं मध्येच कुठंतरी मोडलं. "मला सांगायचं ना, जाऊ नको म्हनून."

"कंच्या तोंडानं सांगू?" हौसाबाई बादलीकडे बघत म्हणाल्या. "जाऊ नको सांगितलं तर तू ईचारशील, का. तुमचा पोरगा हाय की. ईचारशील का नाय?"

रंजितानं ते कधीच विचारलं नसतं. म्हणून तर ती उत्तम सून होती. पलीकडच्या घरात कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिटी होईपर्यंत दोघी थांबल्या, जशा काही तिसऱ्या माणसाला बोलू देत होत्या. दोरीवर दीपेशचा एक शर्ट वाळत होता. न घातलेलाच. कपाटात वास बसतो म्हणून हौसाबाई महिन्यातून एकदा ते सगळे धुवायच्या. रंजिताची नजर शर्टावर गेली, आणि हौसाबाईंची त्या नजरेवर.

"गुजरातला घर देतात म्हनालीस. तिथं न्हानी कशी हाय? मला बसून धुता येल?"

"नाय म्हाईत. आई, मी काय म्हनते..."

"ऐक." हौसाबाईंनी बादली कलती केली. खारं पाणी दगडावरून अंगणातल्या मोरीकडे गेलं, जाताना एका अळवाच्या मुळाशी थोडं रेंगाळलं. त्यांनी नळ सोडला, बादली भरू दिली, सदरा गोड्या पाण्यात बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला. मान वर केली नाही. "पंचमीला मी बहिनीकडं गेली व्हती ना उरनला? बहिनीकडं नाय गेली. द्रोणागिरीला उतरली. बिल्डिंगच्या खाली बसली दुपारभर, वाचमननं पानी दिलं. मंग तो आला. हातात भाजीची पिशवी. ह्या घरात कवा भाजी आनली नाय त्यानं. आनी एक पोर धावत आली वरनं, शाळेचा डगला घातलेली. बाबा बाबा करत."

एवढं बोलून त्या दमल्या. सदऱ्याची बाही त्यांनी दोन्ही हातांनी ताणून धरली, उजेडाकडे, जसं काही अजून उरलंय का ते बघतात.

"तुमी बोलला त्याच्याशी?"

"पोर गोड हाय." हौसाबाईंनी बाहीला जीभ लावली, क्षणभर थांबल्या, आणि सदरा रंजिताच्या मांडीवर ठेवला, ओला, थंड, जड. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी सुनेला बाय म्हटलं होतं, पोरी म्हटलं होतं. नाव कधी घेतलं नव्हतं.

"तो आता यायचा नाय, रंजिता."